आधी उद्घाटन

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयाने पॉडकास्ट सुरू करावा. महिन्याला दोन भाग, पहिला भाग एकतीस तारखेच्या आत चढवावा, सोबत उद्घाटनाचा फोटो जोडावा. पत्राखाली सही नेहमीसारखी वाचता न येणारी होती.

मी सत्यवती. सानगडीहून सहा किलोमीटर आत असलेल्या एका गावच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणायचं एवढंच. जनगणना आली की मी, मतदारयादी आली की मी, शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की मी. उरलेल्या वेळात पुस्तकं. ग्रंथालयाची खोलीही माझ्यासारखीच, नावाला एक आणि कामाला सतरा. चार कपाटं पुस्तकांची आणि बाकी जागेत खिचडीच्या तांदळाची पोती. धुळीपेक्षा तांदळाच्या किड्यांनीच माझी पुस्तकं जास्त चाळली असतील.

पत्र वाचून मी पहिल्यांदा कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र गोमाजी आठवला, आणि कधी नव्हे ते वाटलं की सरकारला एखाद्या वेळी चुकून का होईना, बरं काही सुचतं.

गोमाजी रामटेके आमच्या शाळेचा शिपाई. मेमध्ये निवृत्त होणार होता. एके काळी चार शिपाई होते. तिघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा काही भरल्या नाहीत. त्यामुळे घंटा गोमाजी, कुलपं गोमाजी, पाणी गोमाजी, चहाही गोमाजी. पण पोरांना तो माहीत होता तो वेगळ्याच कामासाठी. एखाद्या वर्गाचे सर रजेवर असले की पोरं ग्रंथालयात येत आणि गोमाजी त्यांना गोष्ट सांगे, नाहीतर वाचून दाखवी. शिकला सातवीपर्यंतच, पण वाचायचा असा की मस्तीखोर पोरंसुद्धा पोत्यांवर चूप बसत. गावच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज सायंकाळी ग्रंथवाचन असतं. तेही वीस वर्षं गोमाजीच करायचा. आवाज काही भारी नव्हता. ऐकणाऱ्याला वाटायचं की हा फक्त आपल्यालाच सांगतोय.

दिवाळीनंतर तो आवाज बसला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन बसला, दुसरं काय. मी त्याला वर्षानुवर्षं बोलत आले होते आणि तो दरवेळी पुडी खिशात टाकून म्हणायचा, "सोडून राहिलो मॅडम." नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल, आवाज नाही. तारीख मिळाली एकवीस जानेवारी, सोमवार. शनिवारी दुपारच्या गाडीने निघायचं होतं.

पत्र आलं त्याच आठवड्यात गोमाजीची बायको आनंदाबाई ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. ती शाळेत कधी येत नसे. नवरा घंटा वाजवायला गेलाय हे बघूनच आत आली.

"मॅडम, एक काम होतं."

"बसा ना. बोला."

बसली नाही. "तुमच्या मोबाइलमंदी त्यायचा आवाज भरून द्या. आमच्या घरचा फोन साधा हाय. पोरगा संघपाल पुण्याले. तो येईल थेट दवाखान्यात."

"कोणती गोष्ट हवी? वाघाची?" वाघाची गोष्ट गोमाजी दर वर्षी नव्या पाचवीला सांगायचा. धानाच्या राखणीला बसलेला माणूस आणि बोडीवर पाणी प्यायला आलेला वाघ रात्रभर एकमेकांना भीत बसतात, अशी काहीतरी.

"वाघाची नोको. पेपर."

"पेपर?"

"मले वाचता येत नाही. लगन झाल्यापासून हे रोज सकाळी मले पेपर वाचून दाखवतेत. मी चुलीपाशी रायतो, हे दारात बसतेत. जुना बी पेपर चालते मॅडम. कोणत्या बी दिवसाचा." मग जरा थांबून म्हणाली, "दोन-चार पानं भरून ठेवा. मंग मी आयकत जाईन."

मी म्हटलं, "नक्की करते." असा शब्द मी शाळेत कुणाला देत नाही, कारण आमच्या शाळेत काहीच नक्की नसतं. पण तिला दिला.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. पॉडकास्टचा पहिला भाग गोमाजीचा. आधी पेपर वाचेल, मग वाघाची गोष्ट. पेपर आनंदाबाईचा, गोष्ट पोरांची, भाग सरकारचा. एका दगडात तीन पक्षी मारल्याचा मला केवढा आनंद झाला होता. नववीतली खुशबू मोबाइलच्या कामात हुशार, तिला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मॅडम, तांदळाच्या बोऱ्यायमंदी बसून रेकार्ड करू. आवाज घुमत नाही तिथं." दुसऱ्याच दिवशी तिने पोती हलवून मध्ये दोघांपुरती जागा केली. सव्वीस वर्षांत त्या पोत्यांचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

एकच अडचण होती. गोमाजीचा आवाज सकाळी उठल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत साफ राहायचा, मग बसत जायचा, तो दुसऱ्या सकाळपर्यंत. म्हणजे जे काय करायचं ते सकाळीच.

मी बुधवारी सकाळी करायचं ठरवलं आणि शिस्तीप्रमाणे मुख्याध्यापकांना सांगायला गेले. इथेच माती खाल्ली. सांगायलाच नको होतं.

मुख्याध्यापक घनश्याम कापगते माणूस वाईट नाही. फक्त त्यांना वाटतं की कोणी नारळ फोडेपर्यंत जगात काही सुरू होत नाही. म्हणाले, "पण मॅडम, आधी उद्घाटन व्हायले पायजे ना. पत्रात फोटो मांगितला हाय."

"उद्घाटन करा की नंतर. रेकॉर्डिंग आधी करून ठेवते."

"असं कसं? उद्घाटन झालं नाही तं रेकार्डिंग कायचं? भैयाजीले आवडणार नाही." भैयाजी म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. "शनिवारी सकाळी ठेवू. आठ वाजता. गोमाजीचा सत्कार बी करून टाकू, आता तसा बी तो जाऊन राहिला."

मी वाद घातला असता. खरंच घातला असता. पण त्या दिवशी माझ्यासमोर दोनशे बारा पोरांच्या आधारकार्डांचा गठ्ठा होता, आणि माणूस थकला की आधी त्याचा वाद घालायचा अवयव थकतो. तरी मी गोमाजीला बाजूला घेऊन म्हटलं, "उद्या सकाळी सातला या. गुपचूप करून टाकू. साहेबांना सांगू नका."

त्याने मान हलवली. "नाही मॅडम. उद्घाटन होऊ द्या, मंग. उद्घाटनाच्या पहिले केलं तं बरं नाही दिसत." पस्तीस वर्षं त्याने या शाळेच्या प्रत्येक उद्घाटनाच्या खुर्च्या लावल्या होत्या. प्याऊचं उद्घाटन झाल्याशिवाय पोरांना पाणी पिऊ दिलं नव्हतं, उन्हाळा असूनही. त्याचा उद्घाटनावर विश्वास होता. आणि एकदा तरी खुर्ची आपल्यासाठी लागणार, याचंही त्याला आत कुठेतरी बरं वाटलं असणार. मी ते बघितलं आणि पुढे आग्रह केला नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला गोमाजी आला तो धुतलेला पांढरा सदरा घालून, काखेत आदल्या दिवशीचा पेपर. आवाज साफ होता. "नमस्ते मॅडम" म्हणाला तेव्हा मला दिवाळीआधीचा गोमाजी ऐकू आला. खुशबूने मोबाइल पोत्यावर टेकवून तयार ठेवला. पोरं ओळीत बसली. मी घड्याळ बघितलं. आठला सुरू झालं तर सव्वाआठपर्यंत नारळ, साडेआठपर्यंत सगळं हातात.

आठ वाजले. भैयाजी आले नाहीत. साडेआठला फोन केला तर म्हणाले, निघून राहिलो. आमच्याकडे "निघून राहिलो" याचा अर्थ माणूस अजून आंघोळीला गेलेला नाही.

"साहेब, तोवर गोमाजीचं वाचन करून घेऊ का?" मी विचारलं.

"पाच मिनिटात येतेत मॅडम. कायले घाई?"

घाई कायले ते मी सांगितलं. आवाज बसतो हे सांगितलं. कापगते सरांनी गोमाजीकडे बघितलं आणि गोमाजीच म्हणाला, "थांबू सर. होते." या एका शब्दावर मी आजही रात्री जागी होते. होते. काय होते?

भैयाजी पावणेदहाला आले. सोबत सरपंच, उपसरपंच आणि आणखी दोघं, ज्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत नव्हती म्हणून ती आयत्या वेळी लिहावी लागली. खुशबूने मोबाइल सुरू केला, कारण उद्घाटनही पहिल्या भागात हवं, असं कापगते सरांनी बजावलं होतं. मग नारळ. मग स्वागत. प्रत्येकाला गुलाबाचं फूल, प्रत्येकाचा परिचय. कापगते सरांचं प्रास्ताविक. मग भैयाजी उठले. पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते शाळेच्या इमारतीवर बोलले. स्लॅब कधी पडला, कोणी किती वर्गणी दिली, कोणी दिली नाही.

भाषण चालू असताना चहा आला. म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या बाईने दारात आणून ठेवला. तो आत द्यायचा कोणी? गोमाजी पहिल्या रांगेत बसला होता, गळ्यात हार, मांडीवर पेपर. कापगते सरांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी दाराकडे खूण केली. मी गोमाजीकडे बघितलं.

मीच म्हटलं. दुसरं कोणी नाही. "गोमाजी, जरा पाहुण्यांना चहा देता का?"

सवय होती. त्याच्या नावाशिवाय माझ्या तोंडी दुसरं नाव आलंच नाही. खुशबू बसली होती, मी स्वतः बसले होते, दोन मास्तर भिंतीला टेकून उभे होते. गोमाजी उठला, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ट्रे घेऊन फिरला.

त्याचा नंबर लागला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्याने पेपर उघडला, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पाणी प्यायला. परत सुरू केलं. डब्याच्या तळाला चमचा घासावा तसला आवाज. मागून कापगते सर म्हणाले, "जरा मोठ्यानं गोमाजी." त्याने मोठ्याने केलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द एकही नाही. पाच-सात मिनिटं त्याने तसं ओढलं. मी थांबवायला हवं होतं. मला वाटत होतं की सुटेल, आता सुटेल. शेवटी त्याने पेपरची घडी केली आणि पोरांना हात जोडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तेवढंच शिकवलंय.

दुपारी तो नागपूरला जायला साकोलीच्या गाडीत बसला. मी आनंदाबाईला म्हटलं, उद्या सकाळी आवाज येईल तेव्हा संघपालच्या मोबाइलमध्ये भरून घ्या. रविवारी सकाळी संघपालने वॉर्डात मोबाइल धरलाही. पण शनिवारी ताणलेला गळा सुजला होता. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. सोमवारी ऑपरेशन झालं.

पॉडकास्टचं काम राहिलं होतं, तारीख कुणासाठी थांबत नाही. कापगते सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "शेवटची खरखर काढून टाका. बाकी छान झालं." आम्ही काढली, फुलं आणि परिचयही छाटले. चौतीस मिनिटांचा भाग उरला, सगळा पाहुण्यांचा. तो चढवला. फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं, उत्कृष्ट उपक्रम म्हणून. कापगते सरांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. मी त्या दिवसापासून ऑफिसात पाठ भिंतीकडे करून बसते.

मार्चमध्ये एकदा खुशबू धावत आली. "मॅडम, एकविसाव्या मिनिटावर गोमाजी काका हायेत!"

आम्ही दोघींनी कान लावून ऐकलं. भैयाजी स्लॅबवर बोलत होते आणि मागे, अगदी स्पष्ट, गोमाजीचा आवाज. तेव्हा अजून थोडा शिल्लक होता. "घ्या साहेब, चाय घ्या. साखर कमीच हाय. घ्या भैयाजी." एवढंच. नऊ सेकंद.

खुशबूने तेवढा तुकडा वेगळा कापला, मागचं भाषण जमेल तेवढं दाबलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन महिने मी गोमाजीच्या गल्लीने जाणं टाळत होते. पेपर नाही तर नाही, आवाज तर आहे. नऊ सेकंद म्हणजे काय कमी झाले? लोकांकडे तेवढेही नसतात. अशी स्वतःची समजूत घालत मी रविवारी त्यांच्या घरी गेले.

गोमाजी दारात खुर्चीवर बसला होता. गळ्याभोवती पांढरा रुमाल, त्याखाली भोक. मला बघून उठायला लागला, मी खांदा धरून बसवला. आनंदाबाई धान पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मी आवाज आणलाय," मी म्हटलं. "थोडाच आहे. पण त्यांचाच आहे."

ती पार जवळ येऊन बसली. मी मोबाइल तिच्या कानाशी धरून तुकडा लावला.

घ्या साहेब, चाय घ्या. साखर कमीच हाय. घ्या भैयाजी.

"अजून एक डाव लावा," ती म्हणाली. मी लावला. तिसऱ्यांदा तिने बोट उचलून थांबवलं.

"हे त्यायचं बोलणं नाही."

"त्यांचंच आहे आनंदाबाई. आवाज साफ आहे बघा."

"गळा त्यायचाच हाय. पण हा शाळेतला शिपाई बोलून रायला. संघपालचे बाबा घरी असे बोलत नाही." ती रागावली नव्हती. मला समजावून सांगत होती. "ह्या बोलण्यात मान खाली हाय. आयकू येते. मायासमोर पेपर वाचत तवा कधी मान खाली नोती त्यायची."

मी गोमाजीकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता. त्याचा हात रुमालापाशी गेला आणि तिथेच राहिला. मला इतकी लाज वाटली की जमीन फाटली असती तर मी मोबाइलसकट आत गेले असते. पस्तीस वर्षांतला त्याचा एकच आवाज मी जपून आणला होता, आणि तो मीच त्याला उठवून बोलायला लावलेला होता.

"पुसून टाका मॅडम," आनंदाबाई म्हणाली. "संघपालनं आयकला तं त्याले वाटन, बाप जलमभर असाच बोलला. मले काही नसलं तरी चालते. हा नोको."

मी तिच्यासमोर तो तुकडा पुसला. खुशबूच्या मोबाइलमधलाही दुसऱ्या दिवशी पुसून घेतला. आनंदाबाईने त्या दिवशी मला चहा विचारला आणि मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा चहाला नाही म्हटलं असेन.

पण पूर्ण भाग वर खात्याच्या संकेतस्थळावर चढलेला आहे, तो माझ्या हातात नाही. तो काढून टाकावा म्हणून मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की प्रमाणपत्र मिळालेला भाग काढता येत नाही. तिसऱ्यात मी खरं कारण लिहिलं, सगळं, आनंदाबाईचं बोलणंसुद्धा. त्यावर फोन आला, खात्यातल्या एका बाईचा, आवाजावरून माझ्याइतकीच दमलेली. म्हणाली, "मॅडम, मी ऐकला तो भाग. एकविसावं मिनिट पण ऐकलं. त्यात आक्षेपार्ह काय आहे? ते तर फक्त चहा देतायत."